झावळी बांधलेलं घर

१२ मार्च २०२०

पोचले बाई एकदाची सासरी! लग्नाला पंधरवडा झाला, पण पाचपरतावन, देवदर्शन, आज या आत्याकडे जेवण, उद्या त्या मावशीकडे, यातच ते दिवस गेले. आज खरी बॅग उघडून कपाटात साड्या लावल्या. खेडला सात वर्षं साडीच्या दुकानात काउंटरवर होते, त्यामुळे साड्या लावायला मला कोणी शिकवायला नको. ही डायरीही दुकानाच्या मालकांनी आहेरात दिलेली. म्हणाले, राही, तुला दिवसभर बोलायला गिऱ्हाईक लागतं, सासरी गिऱ्हाईक कुठून आणणार, मग हिच्याशी बोल. सगळं दुकान हसलं. मीही हसले, कारण खोटं काय आहे त्यात?

घर झकास आहे. दापोलीहून मुरुडकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची वाडी लागते आणि वाडीतलं हे शेवटचं घर. पुढे सुरूचं बन, त्यापुढे समुद्र. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, मागे माड, एक रायवळ आंबा आणि परसात फणस लगडलाय. भोवती कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा. फाटक म्हणजे बेडं, आडवे बांबू घातलेलं. एक बांबू सरकवला की माणूस आत. न्हाणीघरात मात्र गिझर आणि शॉवर, कारण संदेश जहाजावर फिटर आहे आणि त्याला म्हणे गरम पाण्याची सवय. एप्रिलअखेर त्याचं जहाज लागेल.

संदेश फार बोलत नाही. आई म्हणाली, चांगलंच आहे, दोघंही बोलके असते तर ऐकलं कोणी असतं? शेजारच्या सावित्रीकाकू मात्र माझ्यासारख्याच. त्यांनी गडग्यावरूनच माझं माहेर, शिक्षण, पगार आणि दागिने, सगळं काढून घेतलं. मला त्या फार आवडल्या.

१९ मार्च

सासूबाई विरारला गेल्या. समीक्षाचं, म्हणजे नणंदेचं, बाळंतपण जवळ आलंय. जाताना त्यांनी मला तांदळाचं पिंप, कोकमांची बरणी आणि खारवलेले सोडे दाखवले आणि म्हणाल्या की संदेशला आवाज सहन होत नाही, जहाजावर इंजिनाजवळ राहून कान हळवे झालेत त्याचे. मी म्हटलं, मग मी कुजबुजेन. त्या हसल्या नाहीत. मला वाटलं, विनोद कळला नसेल.

२२ मार्च

संध्याकाळी पाच वाजता सगळ्या वाडीने थाळ्या वाजवल्या. मी तर पितळेची परात घेऊन बेड्यात उभी राहिले आणि अशी वाजवली की काकूंचा कुत्रा पळाला. संदेश दारातून बघत होता. आत आल्यावर त्याने परात माझ्या हातातून काढून घेतली, पुसली आणि फळीवर ठेवली. बाकीच्या बायकांपेक्षा तुझाच आवाज मोठा होता, म्हणाला. मी म्हटलं, आहेच मुळी.

३० मार्च

सगळं बंद. एस्टी बंद, दापोलीचा बाजार बंद, संदेशचं जहाज लांबणीवर. त्याचा एजंट फोन उचलत नाही. दिवसभर अंगणात येरझाऱ्या घालतो, नाहीतर पाण्याचा पंप खोलतो, पुसतो, परत जोडतो. पंपाला काही झालेलं नाही. मी आज फणसाची भाजी केली, कुळथाची पिठी केली. पुरुषमाणसाला घरात कोंडलं की असंच होतं, असं आई फोनवर म्हणाली. कोंडलंय तर मलाही, पण मी काही पंप खोलत नाही बसले.

९ एप्रिल

आज एक विचित्र गोष्ट झाली. दुकानातल्या तेजलचा फोन आला होता. तिने मालकांची नक्कल केली आणि मी पोट धरून हसले. मागे वळून बघते तर संदेश उभा. किती वेळ उभा होता कोण जाणे. त्याने माझ्या हातातून फोन घेतला, कानाला लावला आणि नुसतं ऐकत राहिला. तिकडून तेजल हॅलो हॅलो करतेय ते मला ऐकू येत होतं. मग त्याने फोन बंद केला आणि मला शांतपणे समजावलं की बाईचा आवाज गडग्याच्या बाहेर गेला की घराची किंमत जाते.

मला हसूच आलं आधी. मग नाही आलं. फोन अजून त्याच्याच खिशात आहे.

१८ एप्रिल

गावाने ग्राम कृती दल केलंय, त्याचे प्रमुख विठूकाका. ते आज दोन माणसं घेऊन घरोघर माहिती घेत आले. रस्त्यावरूनच हाक मारली, "पुरुषमाणूस हाय काय घरात?" संदेश न्हाणीघरात होता, म्हणून मीच गडग्याशी जाऊन सांगितलं की आम्ही दोघंच आहोत, सासूबाई विरारला अडकल्यात. एवढंच. विठूकाका म्हणाले, बरं बरं, पण ह्यापुढे घरच्या कर्त्याने सांगायचं, नियम केलाय, म्हणजे घोळ नको.

ते वळणावर दिसेनासे झाल्यावर संदेशने मला मारलं. कानाखाली. मला घरात कोणी कधी हात लावला नव्हता, वडील गेले त्यांनीसुद्धा नाही. पहिल्यांदा कळलंच नाही काय झालं, वाटलं वरून काहीतरी पडलं. मग तोच रडायला लागला. फ्रिजमधला बर्फ फडक्यात बांधून माझ्या गालाला लावला, पेज करून भरवली. माझ्यावर इतकं प्रेम आहे की डोकं फिरतं, म्हणाला.

त्याच्या फोनवरून आईशी बोलले, स्पीकर लावून. कसंबसं सांगितलंच. आई म्हणाली, एकदाच ना? कामधंदा नाही बिचाऱ्याला, तूही जरा कमी बोलत जा. मग सासूबाईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, संदेशचे बाबा तसेच होते, पण मी कधी शेजाऱ्याला कळू दिलं नाही. अभिमानाने म्हणाल्या! माझ्या अंगाची आग झाली.

डायरी आता तांदळाच्या पिंपात ठेवते, तळाशी.

२ मे

उजवा हात वर होत नाही, डाव्याने लिहितेय. कारण सांगायलाही लाज वाटते. काकूंनी गडग्यावर बांगडे ठेवले होते आणि मी त्यांना मसाला विचारला.

आज रडून झालं आणि एकदम डोकं साफ झालं. मी खेडला जाणार. आई घरात घेईल न घेईल, तेजलकडे राहीन, दुकानाच्या माळ्यावर राहीन. इथून जिवंत बाहेर पडायचं, बाकी मग बघू. आंब्याच्या पेट्या भरलेले टेम्पो रोज पहाटे वाडीतून जातात, त्यांच्याकडे पास असतो.

८ मे

गेले होते. परत आले. म्हणजे आणलं.

संदेश पहाटे पंपाशी होता तेव्हा मागच्या बाजूने निघाले आणि टेम्पो थांबवला. ड्रायव्हर भला माणूस, माझा गाल बघून काही विचारलं नाही, पेट्यांच्या मध्ये जागा करून दिली. दापोली मागे पडली तेव्हा मी एक आंबा काढून सालीसकट खाल्ला, इतका आनंद झाला मला! खेडच्या अलीकडे नाक्यावर अडवलं. ड्रायव्हरचा पास होता, माझा नव्हता. मी त्या पोलिसाला सांगितलं की नवरा मारतो. त्याने मास्क वर केला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ताई, घरगुती भांडणं घरात मिटवा, इथे माणसं मरतायत. मग वाडीत फोन केला. विठूकाकांनी रिक्षा पाठवली.

बेड्यात संदेश उभा होता, सगळ्यांसमोर. मला वाटलं, ओरडेल. ओरडला नाही. विठूकाकांपुढे हात जोडले आणि म्हणाला, माहेरची ओढ हो, लहान आहे, माफ करा तिला. आणि स्वतःच म्हणाला की ही परक्या टेम्पोतून गेली, नाक्यावर उभी राहिली, आता आम्हाला चौदा दिवस बंद करा, गावाला धोका नको. सगळ्यांना किती बरं वाटलं! एकजण म्हणाला, असा समजूतदार माणूस पाहिजे प्रत्येक वाडीत.

१० मे

बेड्यावर माडाची झावळी आडवी बांधली. ही आमच्या गावाची पद्धत. विलगीकरणातल्या घराला झावळी बांधायची, म्हणजे लांबून कळतं. मग त्या गडग्याच्या आत कोणी यायचं नाही. लागेल ते गडग्यावर ठेवायचं, रस्त्यावरून हाक मारून जायचं. या घरातून भांडं परत घ्यायचं नाही, कागदसुद्धा नाही. रोज संध्याकाळी कर्त्याने गडग्याशी येऊन प्रकृती सांगायची.

मुंबईहून आलेल्यांच्या घरांवरही अशाच झावळ्या आहेत. गाव प्रेमानेच करतं सगळं. काकूंनी खापरोळ्या ठेवल्या काल, वर गूळ घातलेलं नारळाचं दूध.

मला मारलं नाही त्याने. दाराला बाहेरून कडी घालायला लागला, एवढंच.

१६ मे

प्रेमलाताई आल्या होत्या. त्या आशा कार्यकर्त्या, पलीकडच्या बौद्धवाडीतल्या. पाय भाजत होते तरी उन्हात चालत आल्या. मी खिडकीच्या गजाला धरून उभी राहिले. त्यांनी विचारलं, काय गं, बरी आहेस ना? मी तोंड उघडायच्या आत संदेश गडग्याशी गेला आणि ताप बघायचं ते यंत्र त्यांच्या हातून घेतलं. तुम्ही चार घरी जाता, तुम्ही नका जवळ येऊ, मीच बघतो, म्हणाला. त्या हसून म्हणाल्या, अशी काळजी कोण करतो?

त्याने यंत्र माझ्या कपाळाला लावलं. मला आकडा दिसला, सत्त्याण्णव. यंत्र आतच ठेवून तो बाहेर गेला आणि म्हणाला, शंभराच्या वर आहे.

माझ्या तोंडून आवाजच फुटला नाही. मी, राही, जिला बोलायला गिऱ्हाईक लागतं!

२१ मे

उद्या झावळी निघायची होती. आज संध्याकाळी त्याने विठूकाकांना सांगितलं की हिला खोकला सुरू झालाय, चव गेलीय.

विठूकाका म्हणाले, मग दापोलीच्या केंद्रात हलवू, गाडी बोलावतो. माझा जीव भांड्यात पडला. केंद्र तर केंद्र, निदान माणसं असतील, नर्स असेल, कोणीतरी माझी पाठ बघेल. मी चपलासुद्धा घातल्या. पण संदेशचा आवाज भरून आला. नवी नवरी आहे, म्हणाला, चार परक्या पुरुषांत एकटी झोपणार, रात्री-अपरात्री कोण बघणार? मी आहे ना, मी करीन तिचं सगळं. मग विठूकाका म्हणाले, बरोबर हाय तुझं, बाईमाणसाचा प्रश्न हाय. ऱ्हाऊ दे घरात.

माझी अब्रू वाचवली त्यांनी. चपला काढून ठेवल्या.

२४ मे

रोज ऐकते मी. खिडकी त्याने फळी ठोकून बंद केलीय, हिला वारा नको म्हणतो, पण फटीतून ऐकू येतं. घरात त्याचा आवाज वेगळा आणि गडग्याशी वेगळा, मऊ, थकलेला. तो त्यांना एका राहीची हकिगत सांगतो. आज तिने थोडी पेज घेतली. आज तिला आईची आठवण आली. आज माझा हात धरून म्हणाली, माझ्यामुळे तुम्हाला त्रास. फार गुणाची आहे ती. बोलत नाही, हळू कण्हते, सगळ्यांना धन्यवाद म्हणते.

काकू रडल्या आज तिच्यासाठी. त्या म्हणाल्या, "आगो बाय, नशीब काढलंस, असा घोव मिळाला! आमच्या ह्यांनी कधी पाण्याचा तांब्या नाय हातात दिला."

मी भाकऱ्या थापत होते तेव्हा. ठणठणीत आहे मी. ताप नाही, खोकला नाही. बरगडीत दुखतं ते वेगळं.

२७ मे

आज निसटले. तो कडी घालायला विसरला. धावत गडग्याशी गेले आणि जीव खाऊन ओरडले. मी आजारी नाही, तो मारतो मला, हे बघा, आणि बाही वर केली.

माणसं जमली. किती दिवसांनी इतके चेहरे! पण मी एक पाऊल पुढे टाकलं की सगळे एक पाऊल मागे. मी झावळीला हात लावला तर बायका किंचाळल्या. विठूकाका लांबूनच म्हणाले, "बाय, आत जा. गावाचा इचार कर, पोरंबाळं हायत." काकूंनी पदर तोंडावर धरला होता. मी म्हटलं, काकू, तुम्ही तरी. त्या म्हणाल्या, ताप डोक्यात गेलाय हो हिच्या.

मग तो आला मागून. सगळ्यांसमोर मला मिठी मारली, घट्ट, तोंड छातीशी दाबून. स्वतःच्या जिवाची पर्वा न करता. कोणीतरी हुंदका दिला.

त्या सगळ्यांनी मिळून निर्णय घेतला की भ्रमात बाहेर पळेल, म्हणून बेड्याला साखळी आणि दाराला कुलूप हवं. कुलूप गावाने दिलं. शाळेचं आहे, मोठं, पितळी.

३ जून

वादळ. सकाळी किनाऱ्याजवळची सगळी घरं शाळेत हलवली. आमच्या घराशी थांबून विचारलं त्यांनी. संदेश म्हणाला, हिला घेऊन शाळेत कसा येऊ, सगळ्यांना होईल. ते निघून गेले.

दुपारी आकाश फुटल्यासारखा आवाज सुरू झाला आणि तासन्‌तास थांबलाच नाही. कौलं पत्त्यांसारखी उडाली. माड मुळासकट आडवे झाले. आम्ही पलंगाखाली होतो आणि त्याने मला धरून ठेवलं होतं. कौल पडलं ते त्याच्या पाठीवर पडलं, माझ्यावर पडू दिलं नाही. मीही त्याला धरलं. खोटं कशाला लिहू, धरलं. वाटलं, आता बदलेल, दोघंही मरता मरता वाचलोय.

५ जून

वीज नाही. फोनला रेंज नाही, कोणाच्याच. दापोलीचा रस्ता झाडांनी बंद.

सकाळी मी म्हटलं, कौलं शाकारायला माणसं बोलवावी लागतील. एवढंच म्हटलं. त्याने विचारलं, माणसं कशाला पाहिजेत तुला?

डावा डोळा उघडत नाही.

८ जून

त्या राहीला दम लागायला लागलाय. आज तो विठूकाकांना सांगत होता. रात्रभर बसून असते म्हणे, झोपता येत नाही. काकांनी गाडीचं विचारलं. रस्ताच नाही तर गाडी कुठून येणार?

मी खिडकी वाजवली. पाटाने वाजवली. बाहेर झाडं कापायच्या कटरचा आवाज, सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोच. कोणाला काही ऐकू जात नाही.

प्रेमलाताई येत होत्या म्हणे, पण त्यांच्या वाडीची निम्मी घरं पडली. त्यांचंही पडलं.

१० जून

आज घरात खूप गोड वागतोय. माझ्याशी बोलतो ते तिच्याशी बोलल्यासारखं. पडून राहा, म्हणतो. मी उभी असते तरी. दम लागतोय ना? नाही म्हटलं तर —

आता नाही म्हणत नाही मी.

११ जून

ऐकलं. स्वतःच्या कानांनी.

त्याने विठूकाकांना विचारलं, काही बरंवाईट झालं तर कसं करायचं? काका म्हणाले, असं बोलू नको. मग म्हणाले — हळू म्हणाले पण वारा इकडचा होता — अशा आजाराच्या माणसाला कोणी बघायला येत नाही. तोंड उघडायचं नाही. आंघोळ नाही, माहेरच्यांना दर्शन नाही. चादरीत बांधायचं, वरून प्लास्टिक, आणि लगेच. दापोलीला जाता येत नाही तर आपल्याच मसणवटीत.

तो म्हणाला, तोंडसुद्धा नाही बघायचं कोणी?

काका म्हणाले, कोणी नाही.

माझ्या तोंडावर आहे सगळं. डोळा, ओठ, मान. कोणी बघितलं तर कळेल. कोणीच बघणार नाही.

इतके दिवस वाटायचं तो मला लपवतोय. आता कळलं. कशासाठी ते —

१२ जून

मला एका माणसाने बघायला हवं. एकाने. जिवंत असताना.

रात्री माळ्याची शिडी लावून कौलांच्या भोकातून चढायचा प्रयत्न केला. हात वर होत नाही. पडले. त्याला जाग आली नाही — किंवा आली होती. सकाळी ती शिडी नव्हती.

पहाटे त्याने काकांना सांगितलं की ती आजची रात्र काढेल असं वाटत नाही, आणि सकाळपासून सुरूच्या बनाकडे लाकडं रचतायत. पडलेल्या आंब्याची. पाऊस येईल म्हणून वरून ताडपत्री घातली. फटीतून दिसतं. विठूकाका स्वतः उचलतायत, वय झालंय तरी. काकू म्हणत होत्या, पोरीचं नीट करा हो, लेकीसारखी होती.

होती म्हणाल्या.

मी दुपारी दोन भाकऱ्या खाल्ल्या, मुद्दाम. बांगडा खाल्ला. मी ठणठणीत —

१३ जून

सकाळ आहे. चहा दिला त्याने. नवी साडी पलंगावर काढून ठेवलीय. लग्नातली. ही नेस, म्हणाला. डोळे पुसत होता. माझे की स्वतःचे, लक्षात नाही.

बाहेर गेला. कुलूप लावलं.

गडग्याशी माणसं आहेत. कटर बंद झाला, एकदम. किती शांत. समुद्र ऐकू येतोय.

तो रडतोय.

गेली, म्हणतोय. आत्ताच गेली, माझ्या मांडीवर.

मी — मी इथे आहे. मी लिहितेय. काकूंनी गळा काढला. विठूकाका म्हणतायत, लांब राहा सगळे, लांब राहा, त्याला एकट्याला करू दे, त्याचा हक्क आहे. तो म्हणतोय, अर्धा तास द्या मला तिच्याजवळ.

ओरडले. परत ओरडले. काकू, मी आहे, मी जि —

कटर सुरू केला त्यांनी. लाकडं कमी पडतायत म्हणून.

ती मेली आता. सगळ्या गावाच्या देखत मेली. मग मी घरात कशी —

कुलूप काढतोय. काकू अजून रडतायत, त्यांच्या एवढ्या जवळ आहे मी, गडगा आणि अंगण, एवढंच. आवाज जाईल. कटर थांबला की जाईल. मध्ये मध्ये थांबतो तो. थांबला की मी —